आमचे करिअर मास्टर

'करिअर मास्टर' हा शब्द आज आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानांवरून गेला असेल. तो आता प्रचारात राहिलेला नाही. हल्ली शहरांतील मोठ्या शाळांत समुपदेशक असतात, त्यांस स्वतंत्र खोली असते आणि दारावर पाटी असते. परंतु एक काळ असा होता, की खेड्यातील माध्यमिक शाळेत गणित वा भूगोल शिकविणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडेच, 'मुलांस पुढील व्यवसायाविषयी चार शब्द सांगत जा' असे म्हणून हे काम सोपविले जाई. त्यामुळे पगार वाढत नसे की तास कमी होत नसत. बहुतेक ठिकाणी हे काम कागदावर सुरू होई आणि कागदावरच संपे. खानापूर तालुक्यातील आमच्या शाळेत मात्र ते चौतीस वर्षे चालले, आणि एकाच माणसाने चालविले.

त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. ते हयात असताना शाळेच्या एका वार्षिक समारंभात त्यांच्या सत्काराचा बेत निघाला होता, तेव्हा 'माझ्या नावाचे काय करायचे आहे? मुलांची नावे वाचा,' असे सांगून त्यांनी तो मोडून काढला होता. २००६ साली ते निवर्तले. ज्यांना ते ठाऊक आहेत त्यांना नावाची गरज नाही. इतरांना 'मास्तर' एवढे पुरे. शाळेत आम्ही त्यांस 'सर' म्हणत असू. फाटकाबाहेर पडताच तेच सर्वांचे 'मास्तर' होत. अंगाने कृश, खाकी विजार, पांढरा सदरा, आणि सायकलच्या दांड्याला अडकविलेली कापडी पिशवी, हे त्यांचे रूप ज्याने एकदा पाहिले तो विसरला नाही. त्या पिशवीत काय असे, ते पुढे येईलच.

१९५५ सालच्या सुट्टीत मास्तर मुंबईस करिअर मास्टरांच्या एका अल्प मुदतीच्या वर्गास गेले होते. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि त्या सरकारचे व्यवसाय-मार्गदर्शनाचे एक कार्यालय मुंबईत काम करीत होते. माध्यमिक शिक्षणाविषयी नेमलेल्या मुदलियार आयोगाने १९५३ सालच्या आपल्या अहवालात, प्रत्येक शाळेस हळूहळू मार्गदर्शन अधिकारी व करिअर मास्टर मिळावेत, अशी शिफारस केली होती. तिचाच तो उत्साहाचा काळ. मास्तर परत आले आणि वर्ष-दीड वर्षातच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना होऊन आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. मुंबईच्या त्या प्रमाणपत्राचे आता काय करावे हे त्यांस कोणी सांगितले नाही. त्यांनीही ते कोणास विचारले नाही. प्रमाणपत्र ट्रंकेत गेले, आणि काम चालू राहिले.

त्या वर्गात ऐकलेल्या दोन माणसांच्या कथा मास्तर आम्हांस वारंवार सांगत. पहिली बोस्टनच्या फ्रँक पार्सन्स ह्या गृहस्थाची. हा मनुष्य अठराव्या वर्षी स्थापत्य अभियंता झाला. परंतु ज्या रेल्वे कंपनीत लागला ती बुडाली. मग त्याने पोलादाच्या गिरणीत अंगमेहनत केली, शाळेत शिकविले, वकिलीची परीक्षा दिली, प्राध्यापकी केली, आणि १८९५ साली बोस्टनच्या नगराध्यक्षपदाची निवडणूक लढवून तीत पराभव पत्करला. अशा माणसाने जानेवारी १९०८ मध्ये, परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीत, तरुणांना व्यवसाय निवडण्यास साहाय्य करणारे कार्यालय उघडले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो वारला, आणि त्याचे ह्या विषयावरील पुस्तक पुढल्या वर्षी, त्याच्या मागे, छापून निघाले. पार्सन्सचे सांगणे साधे होते: आधी स्वतःस ओळखा, मग निरनिराळी कामे ओळखा, आणि नंतर दोहोंची सांगड नीट विचार करून घाला. मास्तरांना मात्र त्या सिद्धान्ताहून तो मनुष्यच अधिक आवडे. 'ज्याला स्वतःला सहा ठिकाणी ठेचा लागल्या, त्याने दुसऱ्याच्या पायांकडे पाहिले,' असे ते म्हणत.

दुसरी कथा जेसी डेव्हिस ह्यांची. हे १८९८ पासून डेट्रॉईट शहरातील एका माध्यमिक शाळेत एका इयत्तेच्या मुलामुलींचे सल्लागार म्हणून काम पाहत होते. पुढे १९०७ साली ग्रँड रॅपिड्स येथे मुख्याध्यापक झाल्यावर त्यांनी अशी प्रथा पाडली, की भाषेच्या तासाला दर आठवड्यास होणाऱ्या निबंधातूनच मुलांनी कामधंद्याचा आणि स्वतःच्या स्वभावाचा विचार करावा. ही युक्ती मास्तरांनी जशीच्या तशी उचलली. ते स्वतः मराठी शिकवीत नसत. परंतु मराठीच्या गुरुजींकडून त्यांनी आठवड्याचा एक तास मागून घेतला होता, आणि त्या तासाचा पहिला विषय दर वर्षी ठरलेला असे: 'माझ्या वडिलांचे एका दिवसाचे काम.'

ह्या निबंधाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. 'माझे वडील फार कष्टाळू आहेत, ते देवासमान आहेत' असे कोणी लिहिले की मास्तर त्यावर सरळ काट मारीत. वडील किती वाजता उठले, प्रथम कोणते अवजार हाती घेतले, त्या अवजाराचे नाव काय, त्याचा कोणता भाग आधी झिजतो, काम बिघडले तर कोणाचे नुकसान होते, पावसाळ्यात हे काम चालते का, हे त्यांस हवे असे. आम्ही मुले प्रथम हसलो. मग घरी जाऊन विचारू लागलो. खानापूरची माती भांड्यांस व कौलांस प्रसिद्ध आहे. आमच्या वर्गात एका कुंभाराचा मुलगा होता. चिखल तुडविताना त्यातला खडा पायाला कसा कळतो, ह्यावर त्याने दीड पान लिहिले. मास्तरांनी ते वर्गात मोठ्याने वाचले, आणि तो मुलगा, जो तोपर्यंत वडिलांचा धंदा विचारला की खाली पाहत असे, त्या दिवशी वर पाहत होता. कित्येक बापांना आपल्या मुलाने आपल्याविषयी काही विचारल्याची ती पहिलीच वेळ होती. कामाला निघालेल्या बापामागून मुलगा वही घेऊन चालला आहे, हे दृश्य आमच्या गावांतून दर जूनमध्ये दिसे.

सायकलच्या पिशवीत त्या वह्या असत, आणि त्यांखाली मास्तरांची स्वतःची एक जाड बांधीव वही असे. प्रत्येक मुलामुलीस तीत एक पान. शाळेपासून घर किती दूर, घरात किती माणसे, शेत किती गुंठे, दृष्टी कशी, न सांगता कोणते काम करतो, कशात रमला की जेवण विसरतो. ही वही त्यांनी कोणास दाखविली नाही. मुख्याध्यापकांनी एकदा सहज मागितली, तेव्हा मोठ्या अदबीने त्यांनी नकार दिला, असे आम्ही त्यांच्या सहकाऱ्यांकडून ऐकले आहे. पालकांना शाळेत बोलवायचे नाही, हाही त्यांचा एक नियमच होता. शाळेतून बोलावणे आले, की शेतकरी बापास वाटते, पोराने काही तरी चोरले! म्हणून मास्तर रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारातील चिंचेखाली उभे राहत, किंवा बाजारच्या दिवशी बैलगाड्यांच्या तळावर जात, आणि पाऊसपाण्याच्या गोष्टी काढून हळूच मुलाकडे वळत.

आमच्याच वर्गात रेल्वेवरील एका गँगमनचा मुलगा होता. लोंढा जंक्शन आमच्याकडून दूर नाही. गोव्याकडे उतरणारी गाडी तेथून जाते, आणि त्या काळी कोळशाच्या इंजिनाची शिट्टी ऐकून मोठ्या झालेल्या कोणत्याही मुलास इंजिन-ड्रायव्हर व्हावे असे वाटे. ह्या मुलाच्या घरी तर ते ठरूनच गेले होते. बाप रुळांवर हातोडा घेऊन चालला, तर मुलगा त्याच रुळांवरून इंजिन हाकील, ह्या आशेवर ते घर उभे होते. भूगोलाच्या तासाला मास्तरांनी नकाशे रंगवायला दिले. मुलाने सह्याद्रीचे अरण्य तपकिरी रंगविले आणि कोकणची जांभी जमीन हिरवी. दुसरा एखादा शिक्षक असता, तर त्याने कान धरला असता. मास्तरांनी नुसते पाहिले, वहीत काही तरी टिपले, आणि पुढच्या शनिवारी त्याला सायकलवर मागे बसवून आधी स्टेशनवर व तेथून बेळगावास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांकडे रंगीत ठिपक्यांनी भरलेले ते पुस्तक होते, जे इशिहारा नावाच्या जपानी वैद्याने १९१७ साली तयार केले. त्या ठिपक्यांतील जे आकडे तुम्हाआम्हांस सहज दिसतात, त्यांतील बरेचसे त्या मुलास दिसेनात. तांबडा आणि हिरवा हे दोन रंग त्याला वेगळे ओळखता येत नव्हते. सिग्नल ओळखू न येणाऱ्यास इंजिनावर कोण घेईल?

आता ही गोष्ट घरी सांगायची कशी? ह्या दोषाचे एक वैशिष्ट्य असे, की तो बहुधा आईकडून मुलाकडे येतो, आणि आईस स्वतःस त्याची बाधा नसल्याने तिला ठाऊकही नसते. मास्तरांनी हे डॉक्टरांकडून नीट समजून घेतले. आणि मग मुलाच्या वडिलांना एकट्यास गाठून, रुळांच्या कडेने त्यांच्याबरोबर चालत, सर्व सांगितले. आईकडून येण्याची गोष्ट तेवढी सांगितली नाही. तो मुलगा वर्गात सागाच्या ढलप्यांतून चाकूने इंजिने कोरीत असे. चाके फिरणारी, दांडे हलणारी. त्यांतले एक मास्तरांनी पिशवीतून काढून वडिलांच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, 'हे बघा. डोळ्यांनी नाही म्हटलंय, हातांनी नाही म्हटलेलं नाही.' पुढे तो मुलगा बेळगावच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर झाला. ओतकामासाठी प्रथम लाकडाचा नमुना करावा लागतो. लोखंड निवताना आकसते, म्हणून तो नमुना शेकडा एकाच्या हिशेबाने मोठा ठेवावा लागतो, आणि त्यात सुताभराची चूक झाली की सारा ओतीव माल वाया जातो. ह्या कामात त्याने चाळीस वर्षे काढली. त्याला हे चार वर्षांनी, रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीच्या दारात कळले असते, तर काय झाले असते, ह्याची कल्पना आम्ही करू शकतो.

मुलींच्या बाबतीत त्या काळी प्रश्नच नसे. शिकली तर नर्स नाही तर शिक्षिका, आणि न शिकली तर लग्न. मास्तरांच्या मनात परिचारिकेच्या कामाविषयी फार आदर होता. इतका, की जी मुलगी ते करू म्हणे तिला ते आधी एक रात्र नात्यातल्या कोणा आजाऱ्याच्या उशाशी बसून यायला सांगत. परंतु एका मुलीस त्यांनी त्या वाटेने जाऊ दिले नाही. तिच्या काकांकडे गावच्या दूध सोसायटीचे दप्तर होते, आणि ते दप्तर प्रत्यक्षात ही तेरा वर्षांची मुलगी लिहीत होती, हे मास्तरांनी अक्षरावरून ओळखले. शालान्त परीक्षा झाल्यावर ते तिच्या घरी गेले. वडील म्हणाले, 'पोरीला एवढं शिकवून काय करायचं की हो मास्तर?' मास्तर म्हणाले, 'ते मला ठाऊक नाही. सोसायटीचा हिशेब कोण लिहितं, तेवढं सांगा.' वडील गप्प बसले. पहिल्या खेपेस चहा झाला. दुसऱ्या खेपेस चहाही झाला नाही. तिसऱ्या खेपेस मास्तर बेळगावातील सिस्टरांच्या वसतिगृहाचा खर्च, एस. टी.चे भाडे, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज असे सर्व एका कागदावर मांडून घेऊन गेले. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराआडून आई एवढेच म्हणाली, 'जाऊ दे तिला.' ती वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बाहेर पडली तेव्हा १९६९ सालच्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा खेड्यापाड्यांत निघू लागल्या होत्या. आमच्या भागातील अनेक शेतकऱ्यांनी आयुष्यातले पहिले खाते तिच्यासमोर अंगठा उठवून उघडले.

मास्तरांस बोल लागला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीमुळे. सीमाभागातील वाचकांना ह्या भाषेच्या प्रश्नाचे गांभीर्य सांगावयास नको. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रश्न जुना आहे आणि भावना खोल आहेत. मास्तर स्वतः हाडाचे मराठी. त्यांच्या घरच्या मराठी पुस्तकांचे कपाट आमच्या पंचक्रोशीत सर्वांत मोठे होते. तरीही शाळेत आलेल्या प्रत्येक मुलास ते आग्रहाने सांगत, की कन्नड लिहायला आणि वाचायला शीक. नुसती बाजारात बोलण्यापुरती नको. सरकारी अर्ज, नोकरीची परीक्षा, तलाठ्याचा उतारा, हे सारे ज्या भाषेत येणार, ती न येणारा मुलगा दारातच अडतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. काहींना हे शरणागतीसारखे वाटले. एका सभेत त्यांच्या तोंडावर तसे बोलले गेले. मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, 'भाषेवर प्रेम असावं. भाकरीवर राग नसावा.' आणि खाली बसले. आमचे मत विचाराल, तर दोन्ही बाजूंची कळकळ खरी होती. परंतु सभा संपल्यावर घरी जाऊन मुलाच्या पोटाची चिंता करणारा त्या मंडपात फार करून तो एकच मनुष्य होता. शनिवारी दुपारी शाळेच्या ओसरीत ते कन्नड अक्षरे गिरवून घेत. शिकवायला कन्नड शाळेतले एक गुरुजी येत, आणि मोबदला म्हणून मास्तर त्यांच्या मुलांना गणित शिकवीत. भाषेचा वाद त्या ओसरीत आम्ही कधी ऐकला नाही.

आणखी एक प्रसंग लिहावा की न लिहावा, ह्याविषयी आम्ही पुष्कळ विचार केला. एका विधवा मातेने आपल्या धाकट्या मुलास धर्मगुरू करण्याचा नवस केला होता. मुलगा सालस, आज्ञाधारक, वेदीसेवक. गावाने त्यास तेव्हापासूनच 'फादर' म्हणावयास सुरुवात केली होती. पाद्रीबाबांनी मास्तरांचे मत विचारले. मास्तर स्वतः नित्य मिस्सेस जाणारे. परंतु त्यांनी सांगितले, की ह्या मुलाने आजवर एकदाही कोणत्या गोष्टीस 'नको' म्हटलेले नाही, म्हणून त्याच्या 'हो'ची किंमत अजून कळत नाही. दोन वर्षे थांबावे. पाद्रीबाबा सुज्ञ होते, त्यांनी ऐकले. त्या दोन वर्षांत मुलगा एका दुकानात कामास लागला, आणि पुढे तो सेमिनरीत गेलाच नाही. संसारात पडला, सुखी आहे. त्या मातेने मात्र मास्तरांशी बोलणे सोडले ते कायमचे. चर्चमध्ये मास्तर ज्या बाजूस बसत, त्याच्या विरुद्ध बाजूस ती बसे. मास्तरांनी तिला समजाविण्याचा प्रयत्न केला नाही. 'नवस तिचा होता, तो मोडल्याचं दुःखही तिचंच,' असे ते एकदा म्हणाले. आणि ह्या दुःखास आपण कारण झालो, ही जाणीव त्यांच्या चेहऱ्यावर आम्ही पाहिली आहे. त्याच वर्गातील दुसऱ्या एका मुलास, जो फार खोडकर होता आणि ज्याचा कोणालाच संशय नव्हता, त्यांनी आपण होऊन विचारले, 'तुझ्या मनात काही आहे का रे?' तो आज धर्मगुरू आहे.

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की उत्तीर्ण मुलांच्या घरून पेढ्यांचे बोलावणे येई. मास्तर त्या दिवशी पेढे खात नसत. ते सायकल काढून नापास झालेल्या मुलांच्या घरी जात. आधी सर्वांत दूरच्या वाडीवर, मग जवळच्या. घरात शिरताच निकालाची गोष्ट काढायची नाही. पाणी मागायचे, गोठ्यात डोकवायचे, आणि मुलास म्हणायचे, 'चल, मला नदीपर्यंत सोडायला ये.' वाटेत ऑक्टोबरच्या परीक्षेचे बोलणे होई, किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे, किंवा १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने कारखान्यांत मिळू शकणाऱ्या उमेदवारीचे. एका वर्षी एक मुलगा घरी नव्हता. निकाल ऐकून सकाळीच निघून गेला होता. मास्तर त्याला शोधीत लोंढ्यापर्यंत गेले. फलाटाच्या टोकाशी, दिवे नसलेल्या बाजूस, तो बसला होता. रात्रभर दोघे तेथेच बसून राहिले. काय बोलणे झाले ते त्या दोघांनाच ठाऊक. पहाटेच्या गाडीने ते परत आले, आणि मास्तर अंघोळ करून वेळेवर शाळेत हजर झाले.

पुढे काळ बदलला. सत्तरीच्या दशकापासून आखाती देशांची वाट खुली झाली. गोव्याच्या सीमेलगतच्या गावांतून जहाजावर जाणारे तारवटी पूर्वीपासून होतेच. मुंबईस जाऊन आपल्या गावच्या कुडीत पथारी टाकायची आणि जहाज मिळेपर्यंत वाट पाहायची, ही त्यांची जुनी रीत. आता दलाल घरोघर येऊ लागले. मास्तरांच्या ओसरीवर मुलांबरोबर बापे माणसेही कागद घेऊन येऊ लागली. १९८३ साली परदेशी नोकरीविषयी नवा कायदा झाला आणि माणसे पाठविणाऱ्या दलालास सरकारी नोंदणी आवश्यक ठरली, तेव्हा मास्तरांनी त्याची माहिती मिळवून ओसरीतल्या फळ्यावर लिहून टाकली: दलालाचा नोंदणी क्रमांक विचारा, कराराची प्रत स्वतःजवळ ठेवा, पावतीशिवाय पैसा देऊ नका. जमीन गहाण टाकून निघालेल्या तिघांना त्या फळ्याने थांबविल्याचे आम्हांस ठाऊक आहे. त्याच फळ्यावर एरवी दर सोमवारी एका व्यवसायाची माहिती असे. १९७६ मध्ये 'एम्प्लॉयमेंट न्यूज' हे साप्ताहिक निघाल्यापासून ते स्वतःच्या पैशाने त्याची वर्गणी भरीत. परंतु पगाराच्या आकड्याखाली ते नेहमी दोन ओळी आपल्या घालीत: 'किती तास उभे राहावे लागते' आणि 'कोणत्या महिन्यांत काम नसते'. जाहिरातीत ह्या गोष्टी कधीच नसतात, हे आमच्या वाचकांनी पाहिले असेलच.

कोठारी आयोगाने १९६६ साली अशी सूचना केली होती, की निदान दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता सल्लागार असावा. मास्तरांना ही सूचना आम्ही वाचून दाखविली, तेव्हा ते हसले. 'दहा शाळांना एक? तो बिचारा सायकलवरून उतरणार कधी?' २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळांतील समुपदेशकांचा उल्लेख आहे. आमच्या त्या शाळेत मास्तरांच्या निवृत्तीनंतर हे काम पुढे कोणाकडेच गेले नाही.

१९८९ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही भेटीस गेलो, तेव्हा आमच्या मनात एक हेतू होता. आमचे स्वतःचे पान पाहावे, चौदा-पंधरा वर्षांच्या आमच्याविषयी त्यांनी काय लिहून ठेवले होते ते एकदा वाचावे, अशी फार दिवसांची इच्छा होती. मास्तरीणबाईंनी चहा आणला. मास्तर परसात होते. आम्ही वह्यांचा विषय काढताच बाई हसल्या आणि न्हाणीघराकडे बोट दाखविले. चौतीस वर्षांच्या वह्या त्यांनी एकेक करून फाडल्या होत्या, आणि दोन दिवस घरातले अंघोळीचे पाणी त्यांवरच तापले होते.

मास्तर हात पुसत आत आले. आमचा चेहरा पाहून त्यांनी ओळखले. म्हणाले, 'पोरांनी विश्वासाने सांगितलेलं होतं. ते वारसाहक्कानं कुणाला द्यायचं नसतं.' मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, 'तुझ्या धाकट्याची आता कितवी यत्ता?' आम्ही सांगितले. 'त्याला कशात गोडी आहे?' आम्ही जे उत्तर दिले ते त्यांस पुरेसे वाटले नसावे. कारण पुढल्या रविवारी मिस्सेनंतर ते चिंचेखाली आमच्या मुलाशीच बोलत उभे असलेले आम्ही पाहिले, आणि लांबूनच, त्यांस न कळत, घराकडे वळलो.